शंभर बिया रोज : एका फ्रेंच गोष्टीचा मराठवाडी हिशेब

मा. संपादक,
स. न. वि. वि.

वृक्षलागवडीचा पंधरवडा आला की दक्षिण फ्रान्समधल्या एका मेंढपाळाची गोष्ट आपल्याकडे हमखास उगवते. ओसाड डोंगरात एकटा राहणारा हा माणूस रोज झाडांच्या बिया लावतो आणि म्हातारपणी त्याच्या भोवती जंगल उभे राहते. मोबाइलवर ती बारमाही फिरते, शाळेच्या परिपाठात सांगितली जाते. यंदा आपल्या पुरवणीनेही ती छापली आणि शीर्षकाखाली ‘सत्यकथा’ असे घातले. तो मेंढपाळ होऊन गेलेला नाही. तेवढी दुरुस्ती छापावी, अशी पहिली विनंती. पण तेवढ्यासाठी पोस्टकार्ड पुरले असते. आपण याच पुरवणीत मराठवाड्यातल्या लिहिणाऱ्यांना ‘परदेशी प्रेरणेतून’ कथा पाठवायला सांगता, आणि दरवर्षी त्यातून लव्हेंडरची जांभळी शेते नि निळा समुद्रच तेवढा येतो. त्या मुलखातल्या कथांतून खरोखर उचलण्यासारखे काय आहे आणि उचलताना काय फुटते, याबद्दल जरा सविस्तर लिहितो आहोत.

आधी मेंढपाळ. ही कथा झाँ जिओनोची. १८९५ साली दक्षिण फ्रान्सच्या प्रोव्हान्स प्रांतातल्या मानोस्क गावी जन्मला, १९७० साली तिथेच वारला. १९५३ मध्ये एका अमेरिकन मासिकाने ‘मला भेटलेला सर्वांत विलक्षण माणूस’ अशा धर्तीच्या सदरासाठी त्याच्याकडे मजकूर मागितला. त्याने एल्झेआर बुफिए नावाचा मेंढपाळ लिहून पाठवला. मासिकवाल्यांनी चौकशी केली. कथेत बुफिए १९४७ साली बानों गावच्या धर्मार्थ रुग्णालयात वारतो. तिथे या नावाचा कोणी मेल्याची नोंदच नव्हती. मजकूर नाकारला गेला. पुढच्या वर्षी दुसऱ्या मासिकाने तो छापला. १९५७ साली जिओनोने तिकडच्या एका वनाधिकाऱ्याला पत्र लिहून स्वच्छ सांगितले की माणूस कल्पित आहे, लोकांना झाडांची आणि त्याहून जास्त झाडे लावण्याची गोडी लागावी एवढाच हेतू होता. कथेचे पैसेही त्याने कुणाकडे मागितले नाहीत.

इतके उघड असूनही सत्तर वर्षे लोक ती खरी का मानतात? कारण जिओनोने हिशेब पक्का ठेवला. मेंढपाळ रात्री टेबलावर ओकच्या बिया ओततो, बारीक आणि तडकलेल्या बाजूला काढतो, चांगल्या शंभर मोजून घेतो आणि झोपतो. सकाळी ती पिशवी पाण्यात बुडवून निघतो. हातात काठीऐवजी अंगठ्याएवढ्या जाडीची, दीडेक मीटरची लोखंडी कांब. भोक पाडायचे, बी टाकायची, बुजवायचे. तीन वर्षांत एक लाख बिया लावल्या, असे तो सांगतो. रोज शंभर या दराने तीन वर्षांचे १,०९,५०० होतात. आजारपण, बाजारहाट वजा करा, एक लाख बरोबर बसतात. त्यातल्या वीस हजार उगवल्या. त्यातल्या निम्म्या उंदीर-घुशी नि नशीब नेईल असे तो धरून चालतो. राहतात दहा हजार.

लाखाचे दहा हजार. नुकसानीचा हा आकडा काढून टाका, गोष्ट लगेच बोधकथा होते. फॉरवर्डमध्ये नेमका तोच गाळलेला असतो. दुसरे गाळतात ते मेपलचे. एका वर्षी त्याने दहा हजारांवर मेपल लावले, सगळे मेले; पुढच्या वर्षी तो मुकाट्याने जुन्या जातीकडे वळला. तिसरे, मेंढ्या. सुरुवातीला तीसेक होत्या. त्या रोपे खातात म्हणून त्याने चारच ठेवल्या आणि शंभर मधपेट्या आणल्या. म्हणजे झाडे लावता लावता मेंढपाळाचा धंदाच बदलला. आपल्या पुरवणीतल्या आवृत्तीत तो शेवटपर्यंत कळप घेऊन हिंडतो.

या हिशेबात एक भोकही आहे, आणि ते कुणाच्या लक्षात येत नाही. निवेदक मेंढपाळाला भेटतो जून महिन्यात, आणि दुसऱ्याच दिवशी म्हातारा ओक लावायला निघतो. ओकची बी गळते शरद ऋतूत. ती सुकली की जीव सोडते आणि ओल मिळाली तर वसंतातच मोड काढते. तिकडचा उन्हाळा कोरडा, पाऊस मुख्यतः शरदात आणि वसंतात. जूनमधली लावणी म्हणजे आपल्याकडे होळीला तूर पेरण्यासारखे. पण मोजणे, निवडणे, भिजवणे, कांब हे सगळे इतके हाताजवळून दाखवले आहे की वाचक कॅलेंडर बघायला विसरतो.

आता हीच गोष्ट बालाघाटाच्या डोंगरात आणून बघा. ‘ओक’च्या जागी ‘वड’ लिहिले की झाले, असे मानून पाठवलेली कथा आपल्याकडे गेल्या वर्षी छापून आली. वडाची बी दाण्याएवढीसुद्धा नसते. ती पक्ष्याच्या पोटातून जाऊन भिंतीच्या भेगेत, दुसऱ्या झाडाच्या ढोलीत रुजते. माळावर पहारीने भोक पाडून वड लावणारा माणूस वाचकाला पहिल्याच परिच्छेदात खोटा वाटतो. मराठवाड्यात पहारीने लावायची तर कडुनिंब, बाभूळ, सीताफळ. प्रत्येकाची खोड वेगळी. निंबोळी पिकून पडली की दोन-तीन आठवड्यांत तिचा जीव जातो. ती साठवून ठेवता येत नाही, वेचली की लावावी लागते. बाभळीची बी कवचाची टणक. शेळ्या शेंगा खातात आणि रवंथ करताना बी टाकतात. शेळ्या बसतात त्या जागेवरची बी वेचून लावली की चांगली उगवते, हे कुठलाही गुराखी सांगेल. सीताफळाची बी दसरा-दिवाळीत धुऊन सुकवून ठेवली तर जूनपर्यंत टिकते, भिजवून लावावी लागते, उगवायला महिनाभर घेते. आणि सीताफळाच्या पानाला शेळी-मेंढी तोंड लावत नाही. बीड-धारूरच्या उघड्या डोंगरांवर बाकी सगळे ओरबाडले जाऊनही सीताफळ राहिले, त्याचे अर्धे कारण हेच. म्हणजे आपल्या मेंढपाळाला मेंढ्या विकायची गरज पडत नाही. मूळ कथेतला एक सांधा इथे निखळतो. त्याच्या जागी दुसरा घडवावा लागतो.

तो आपोआप सापडतो. आपल्याकडे लावणी वर्षभर चालत नाही. मृगाचा पाऊस पडला तर पडला. खरी ओल आर्द्रा ते पुष्य. धरून चाला चाळीस दिवस. रोज शंभर म्हणजे वर्षाला चार हजार. फ्रेंच मेंढपाळाचे तीन वर्षांतले एक लाख गाठायला आपल्या माणसाला पंचवीस वर्षे लागतील. उगवण आणि मर जिओनोच्याच प्रमाणात धरली, दहातले एक जगले, तर वर्षाला चारशे झाडे. पाच-पाच मीटरवर चारशे झाडे म्हणजे एक हेक्टर, अडीच एकर. कथेतला काळ १९१३ ते १९४७, चौतीस वर्षे. तेवढ्या वर्षांत आपल्या माणसाचे होतील पंच्याऐंशी एकर. एक टेकडी, फार तर टेकडी आणि तिच्या पोटातला ओढा. त्यात पहिल्या उन्हाळ्याची मर वेगळी धरलेलीच नाही. फ्रेंच कथेत नद्या पुन्हा वाहू लागतात, ओस गावे वसतात. इथे एक टेकडी हिरवी होते आणि खालच्या दोन विहिरींना फेब्रुवारीऐवजी एप्रिलपर्यंत पाणी पुरते. आम्हाला तर ही लहान गोष्टच जास्त खरी वाटते.

आणखी एक पेच. तेच चाळीस दिवस मेंढपाळाला सगळ्यांत वाईट. मेंढीला चिखल सोसत नाही, खुरे सडतात. वाडा कोरड्या माळाकडे हलवावा लागतो. म्हणजे बी लावायची वेळ आणि कळप घेऊन निघायची वेळ एकच. घरातले कोण मागे राहणार, कोण कळपाबरोबर जाणार, हा दरवर्षीचा तंटा. जिओनोचा माणूस बायको-मुलगा गेलेला, एकटा आहे. त्याने हा प्रश्न कापून टाकला. मराठवाड्यातल्या लेखकाने तो कापू नये. कथा तिथेच आहे.

जमिनीचेही तसेच. फ्रेंच मेंढपाळाला ती जमीन कुणाची ते माहीत नसते, आणि त्याला त्याची फिकीरही नसते. आपल्याकडे गायरान असेल तर ग्रामपंचायत, राखीव वन असेल तर वनरक्षक, इनामी असेल तर देवस्थानचे विश्वस्त. चार वर्षांत झाडे गुडघ्याएवढी झाली की कुणीतरी ‘अतिक्रमण करायलाय’ म्हणून तलाठ्याकडे जाणारच. सातबारा न येता मराठवाड्यात माळावरची कथा पाच पाने चालत नाही. जिओनोलाही सरकार टाळता आलेले नाही, ते बघण्यासारखे आहे: १९३३ साली एक वनरक्षक येऊन, ज्याने जंगल लावले त्यालाच बजावतो की बाहेर चूल पेटवू नकोस, या ‘नैसर्गिक’ जंगलाला आग लागेल. अख्ख्या कथेतला हा एकच विनोद आणि तो अचूक जागी.

भाषेबद्दल एकच. आपल्याकडच्या रूपांतरात धनगर म्हणतो, ‘मी झाडं लावतोय.’ लातूर-नांदेडकडे तो ‘लावायलोय’ म्हणेल. विचारणारा विचारेल, ‘काय करायलाव?’ एवढ्या एका क्रियापदाने माणूस कुठला ते ठरते. ‘लई’, ‘मायला’ यांची फोडणी देऊन ठरत नाही. ज्या प्रोव्हान्सची आपण बात करतो तिथल्या फ्रेडरिक मिस्त्रालने आयुष्य घालून आपल्या बोलीचा मोठा कोश केला, काव्य त्याच बोलीत लिहिले, आणि १९०४ साली नोबेल मिळाले तेव्हा ते पैसे आर्ल गावातल्या लोकजीवनाच्या संग्रहालयाला लावले. आपल्या अंबाजोगाईत आद्य कवी मुकुंदराजाची समाधी आहे. आपल्या बोलीचा एवढा मोठा कोश अजून आमच्या पाहण्यात नाही.

आता पाणी. मराठवाड्यातल्या लेखकाने दक्षिण फ्रान्समधून एकच कथानक घ्यायचे असेल तर ते मार्सेल पान्योलचे घ्यावे. तो ओबान्य गावचा, १८९५ सालचाच. १९५२ मध्ये त्याने आधी चित्रपट केला, दहाएक वर्षांनी त्यावरून दोन भागांची कादंबरी लिहिली. गोष्ट अशी: गावातल्या चुलता-पुतण्याला शेजारची जमीन हवी असते, कार्नेशनची फुले लावायला. जमिनीत झरा आहे. मालक मरतो, वारस शहरातून येणार असे कळते. हे दोघे वारस यायच्या आत झरा सिमेंटने बुजवतात. वारस म्हणजे कर-वसुलीची नोकरी सोडून आलेला कुबडा झाँ. त्याच्याकडे पुस्तके आहेत, पावसाच्या सरासरीचे आकडे आहेत, ससेपालनाचा मोठा बेत आहे. पाणी लांबून वाहून आणता आणता तो खचतो, शेवटी विहिरीसाठी सुरुंग लावताना दगड लागून मरतो. झरा तिथेच पायाखाली होता. आणि गावातल्या जुन्या लोकांना झऱ्याची माहिती होती. कुणी बोलले नाही.

वाचताना बीड-धाराशिवच्या माणसाला वाटते की हे आमचेच आहे. म्हणून तो जसेच्या तसे उचलतो: दोन भाऊबंद, एक झरा, सिमेंटची गोणी. इथे कथा फसते, आणि फसण्याचे कारण खडकात आहे. प्रोव्हान्सचे ते डोंगर चुनखडीचे. चुनखडी पाण्यात विरघळते. पाऊस भेगांतून खोल जातो, जमिनीखाली नळीसारख्या वाटा करतो आणि कुठेतरी एका तोंडाने बाहेर पडतो. त्या एका तोंडाला बूच मारता येते. मराठवाडा बेसाल्टचा, लाव्हाच्या थरांवर थर. वर काळी माती, खाली मुरूम, मग विहीर खोदणारे ज्याला मांजऱ्या म्हणतात तो ठिपक्यांचा, पोकळ्यांचा खडक, आणि त्याखाली काळा पाषाण. पाणी मुरमात, मांजऱ्यात आणि दोन थरांच्या सांध्यात पसरलेले असते. त्याला एक तोंड नसते. बूच कशाला मारणार?

आपल्याकडे पाणी चोरायची रीत वेगळी, आणि कथेला ती सिमेंटपेक्षा सरस आहे: आडवे बोअर. विहिरीत यंत्र उतरवायचे, पाषाणाच्या जरा वर, पाझराच्या थरात, भिंतीला आडवे छिद्र मारत न्यायचे. शंभर-दीडशे फूट सहज जाते. बांध वर असतो, छिद्र खालून. आपल्याच विहिरीत, आपल्याच हद्दीत उभे राहून शेजाऱ्याच्या शेताखालचे पाणी आपल्याकडे वळवता येते आणि वरून काही दिसत नाही. यंत्राचा आवाज सगळ्या शिवाराला ऐकू जातो, पण कुठल्या दिशेला मारले ते विहिरीत उतरल्याशिवाय कळत नाही. पान्योलच्या गावाचे मौन इथे आयते मिळते: यंत्रवाल्याला माहीत आहे, दोर धरणाऱ्या दोघांना माहीत आहे, चहा घेऊन आलेल्या पोराला माहीत आहे.

मग शेजाऱ्याला कसे कळते, ते हळूहळू दाखवता येते. विहीर एका रात्रीत आठ फूट भरायची ती तीन फूट भरते. मोटर दोन तास चालायची, आता पाऊण तासात हवा ओढायला लागते. तो फूटव्हॉल्व्ह बदलतो. मग पाइप खाली सोडतो. मग पाणाड्याला बोलावतो. तो तळहातावर नारळ घेऊन शेतभर फिरतो आणि नेमका बांधाजवळ थांबतो. मग बोअर, सावकाराचे पैसे, तीनशे फुटांवर धूळ. सिमेंटच्या गोणीने खून एका दुपारी उरकतो. आडव्या बोअरला दोन उन्हाळे लागतात, आणि कादंबरीला तेवढे लागतातच. कायद्याचा पदर हवा असेल तर तोही आहे: सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या विहिरीपासून पाचशे मीटरच्या आत नवी विहीर-बोअर घ्यायला १९९३ पासून परवानगी लागते. दोघांच्या मधोमध गावाची नळयोजनेची विहीर ठेवा, सरपंच आपोआप कथेत येतो.

पान्योलच्या कुबड्या झाँच्या पावसाच्या सरासरीचे काय? त्याने आकड्यांवर भरवसा ठेवला आणि पाऊस शेजारच्या डोंगरावर पडला, त्याच्या शेतावर आलाच नाही. आपल्याकडे याला महसूल मंडळाचा पर्जन्यमापक म्हणतात. मंडळाच्या गावी चोवीस तासांत पासष्ट मिलिमीटर पडला की अतिवृष्टी. दहा किलोमीटरवरच्या कोरड्या वावराचीही नोंद तीच. उलटही होते: पीक वाहून गेले आणि मापकात चाळीस. सशांच्या जागी काय घालायचे ते प्रत्येकाने आपल्या गावात बघून घालावे. कुठे इमूच्या रिकाम्या जाळ्या अजून उभ्या आहेत, कुठे शेडनेटचा सांगाडा.

एक सावधगिरी. २०१६ साली मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आले, तेव्हापासून मराठवाड्यातल्या पाण्याच्या प्रत्येक कथेत ती गाडी येते. पान्योलने आपली कथा एका झऱ्यावर, चार घरांत ठेवली. रेल्वे आली की शेजारी निसटतो आणि सरकार आरोपी होते, मग मौन बाळगणारे गावही सुटते.

आता ज्यांना थेट फ्रान्समध्येच कथा घडवायची आहे त्यांच्यासाठी, थोडक्यात. लव्हेंडर फुलते जूनच्या मध्यापासून जुलैअखेर, उंचावर आणखी थोडे पुढे. दिवाळीच्या सुट्टीत गेलेल्या नायिकेला कापणी झालेले करडे खुंट दिसतील. ते समुद्रकाठी नसते. व्हालांसोलचे प्रसिद्ध पठार आत आहे, पाच-सहाशे मीटर उंचीवर, आणि तिथले बहुतेक पीक लव्हँडिन या संकराचे असते. द्राक्षतोडणी सप्टेंबरात, ऑलिव्ह नोव्हेंबरपासून. रातकिड्यासारखे जे ओरडते ते सिकाडा दिवसा ओरडते, भर उन्हात. हवा गार झाली की गप्प. जूनमध्ये रात्री नऊपर्यंत उजेड असतो, म्हणून ‘सात वाजता अंधार दाटला’ हे वाक्य तिथे चालणार नाही. आणि १९१० साली नीसच्या किनाऱ्यावर जुलैत ऊन खात पडलेला इंग्रज दाखवू नये. तो किनारा तेव्हा हिवाळ्याचा होता; उन्हाळ्यात हॉटेले बंद व्हायची. उन्हाळी चैन १९२० नंतरची.

वारा मात्र थोडक्यात उरकू नये, कारण त्या मुलखातले निम्मे कथाविश्व त्याच्यावर उभे आहे. मिस्त्राल (वरच्या कवीचे आडनाव तेच) हा वारा उत्तरेकडून ऱ्होन नदीच्या खोऱ्यातून येतो. अटलांटिककडे हवेचा दाब जास्त, जेनोव्हाच्या आखाताकडे कमी; मधल्या दोन डोंगररांगांत हवा नरसाळ्यासारखी कोंडते आणि समुद्राकडे सुटते. ताशी शंभर किलोमीटरच्या वर जातो, सलग काही दिवस वाहतो, थंड आणि कोरडा असतो, आणि आभाळ लख्ख करतो. आपल्या लेखकांची चूक इथे होते: वादळ म्हटले की ते काळे ढग आणतात. मिस्त्रालमध्ये आभाळ निळे असते, म्हणून तो जास्त छळतो. जुन्या शेतघरांना उत्तरेला खिडकी नसते. सायप्रसच्या रांगा पूर्व-पश्चिम लावलेल्या असतात, शेताला आडोसा म्हणून. काही गावांत चर्चच्या घंटेवर दगडी कळसाऐवजी लोखंडी जाळी असते, वारा आरपार जावा म्हणून. आणि पूर्वेला नीसकडे तो फारसा पोचतही नाही, तेव्हा नीसमध्ये मिस्त्रालने टोपी उडवू नये.

चित्रकार व्हॅन गॉगवर आपल्याकडे त्याने कापून घेतलेल्या कानाच्या पलीकडे कुणी लिहीत नाही. तो आर्लला आला १८८८च्या फेब्रुवारीत, तेव्हा तिथे बर्फ पडलेला होता. त्या वाऱ्यात चित्र काढायची त्याची रीत त्याच्या पत्रांत आहे: चित्र ठेवायच्या लाकडी घोडीचे पाय मातीत रोवायचे, शेजारी अर्धा मीटर लांबीची लोखंडी खुंटी ठोकायची आणि सगळे दोराने जखडायचे. २०१७ साली अमेरिकेतल्या कॅन्सस सिटीच्या संग्रहालयात त्याच्या १८८९च्या ऑलिव्ह झाडांच्या चित्रात, रंगाच्या थरात अडकलेला एक छोटा नाकतोडा सापडला. सव्वाशेहून जास्त वर्षे तो तिथेच होता. यावर लिहायचे तर कान सोडून खुंटी आणि नाकतोडा घ्यावा.

शेवटी आपल्या पुरवणीच्या सोयीचे. एवढ्या जागेत मोठी कथा बसत नाही, ही अडचण आम्हाला मान्य आहे. पण आल्फोन्स दोदेने पवनचक्कीच्या नावाने लिहिलेल्या छोट्या कथा १८६६ पासून वर्तमानपत्रातच छापून आल्या, मग १८६९ मध्ये पुस्तक झाले. त्यातली म्हाताऱ्या गिरणीवाल्याची कथा बघावी. वाफेच्या गिरण्या आल्या, सगळ्यांचे दळण तिकडे गेले, तरी याची पाती फिरतात आणि संध्याकाळी याचे गाढव पोती लादून वाटेने जाते. शेवटी पोते उघडते: आत गिलाव्याचा चुरा, पांढरी माती. आख्खी कथा एका पोत्यात.

मराठवाड्यात हे पोते मोंढ्यात ठेवावे. सोयाबीन थेट कारखान्याच्या खरेदी केंद्रावर जाऊ लागले, जुन्या अडत्याच्या दुकानात माल येईना. पण दारात थप्पी लागलेली असते, पतपेढीवाल्याला नि व्याह्याला दिसावी म्हणून. आत भुसा. हे उघड करणारा शेजारचा व्यापारी नसावा, हमाल असावा. सोयाबीनचे पोते साठ किलोच्या आसपास, पाठीला त्याचा अंदाज पाठ असतो. तो हूक घालून ओढतो, पोते एका हाताला वर येते, हुकाच्या भोकातून दाणा गळायच्या जागी भुसा गळतो. तो अडत्याकडे बघतो, पोते परत थप्पीवर तोलून ठेवतो, भोकावर अंगठा दाबून. सहाशे शब्दांत बसते.

दुरुस्ती छापताना मजकूर असा असावा, मूळ कथेच्याच जागी आणि त्याच टायपात: ‘गेल्या महिन्यात सत्यकथा म्हणून छापलेला मेंढपाळ हे झाँ जिओनो यांनी १९५३ साली लिहिलेले काल्पनिक पात्र आहे. त्या मजकुरातून लाखातल्या नव्वद हजार न जगलेल्या बिया आणि मेलेले दहा हजार मेपल गाळले गेले होते.’

आपले,
अंबाजोगाई-धारूर परिसरातले काही कथालेखक आणि वाचक